तेरा आणे, आठ खण आणि एक चुकलेला डोस

संगणकाचा प्रोग्रॅम लिहायला नुकतीच सुरुवात केलेल्या मुलामुलींना पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच एक गृहपाठ हमखास मिळतो. नेहमीच्या दशमान पद्धतीतली एखादी संख्या घ्या आणि ती द्विमान पद्धतीत, म्हणजे नुसत्या ० आणि १ या दोन अंकांत लिहून दाखवणारा प्रोग्रॅम तयार करा. पाच-दहा ओळींचं काम. मुलं ते इकडून-तिकडून उतरवून काढतात, गुण मिळवतात आणि पुढच्या धड्याकडे वळतात.

आरोग्याच्या सदरात हा विषय कशाला, असं वाटेल. पण अतिदक्षता विभागातल्या एका खाटेभोवती आज किती संगणक असतात ते मोजून बघा. हृदयाचे ठोके दाखवणारा मॉनिटर, औषध थेंबाथेंबाने सोडणारा सिरिंज पंप, व्हेंटिलेटर. आपण त्यांना संगणक म्हणत नाही एवढंच. परिचारिका पंपावर ‘१३’ हा आकडा दाबते, तेव्हा आत कुठेही १३ लिहिलं जात नाही, ११०१ लिहिलं जातं. माणसाने दिलेला प्रत्येक आकडा यंत्राच्या पोटात जाताना त्याच गृहपाठातून जातो आणि पडद्यावर परत येताना उलट्या दिशेने पुन्हा जातो. अब्जावधी वेळा हे बिनचूक होतं. जेव्हा चुकतं तेव्हा मात्र ते ठरावीक दोन-चार तऱ्हांनीच चुकतं, आणि त्यातली जवळजवळ प्रत्येक तऱ्हा त्या शाळकरी गृहपाठात दिसते. अशाच एका चुकीमुळे १९८७ साली अमेरिकेत कर्करोगाच्या एका रुग्णाला ठरलेल्या डोसच्या सुमारे शंभरपट किरणोत्सर्ग मिळाला. त्या घटनेकडे येण्याआधी गृहपाठ तेवढा नीट समजून घेऊ.

आण्यांचा हिशेब

आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला द्विमान पद्धत वेगळी शिकवावी लागली नसती. ती त्यांच्या खिशात होती. रुपयाचे सोळा आणे. नाणी कोणती? एक आणा, दोन आण्यांची चवली, चार आण्यांची पावली आणि आठ आण्यांची अधेली. प्रत्येक नाणं आधीच्या नाण्याच्या दुप्पट. यातलं प्रत्येकी एकच नाणं हातात असलं, तरी एक आण्यापासून पंधरा आण्यांपर्यंतची कुठलीही रक्कम सुटे न मागता देता येते. आणि प्रत्येक रक्कम देण्याचा एकच मार्ग असतो.

तेरा आणे द्यायचे आहेत. अधेली दिली, पावली दिली, चवली ठेवून घेतली, आणा दिला. आठ अधिक चार अधिक एक, तेरा झाले. दिलेल्या नाण्यासाठी १ आणि ठेवून घेतलेल्या नाण्यासाठी ० लिहा, मोठ्या नाण्यापासून छोट्याकडे: १, १, ०, १. तेरा या संख्येचं द्विमान रूप ११०१ आहे ते असं. दशमान पद्धतीत उजवीकडून एकक, दशक, शतक अशी दहापटीने वाढणारी घरं असतात. इथे आणा, चवली, पावली, अधेली अशी दुपटीने वाढणारी. एवढाच फरक.

आता यंत्राला हे कसं सांगायचं? यंत्राला ‘बघून अंदाज’ येत नाही, त्याला पायऱ्या द्याव्या लागतात. पाठ्यपुस्तकातली रीत अशी की संख्येला २ ने भागत जा, प्रत्येक वेळी उरलेली बाकी लिहून ठेवा आणि शेवटी बाक्या उलट्या क्रमाने वाचा. १३ भागिले २, भागाकार ६, बाकी १. सहा भागिले २, भागाकार ३, बाकी ०. तीन भागिले २, भागाकार १, बाकी १. एक भागिले २, भागाकार ०, बाकी १. खालून वर वाचलं की ११०१.

ही रीत का चालते ते मात्र बहुतेक वेळा कोणी सांगत नाही. आण्यांत ते लख्ख दिसतं. तेरा ही विषम संख्या, म्हणजे एक सुटा आणा लागणारच. चवली, पावली, अधेली मिळून विषम रक्कम कधीच होत नाही. म्हणून पहिली बाकी १. तो आणा बाजूला काढला की उरले बारा आणे, म्हणजे सहा चवल्या. सहा सम आहेत, त्यांच्या जोड्या लावून सगळ्यांच्या पावल्या करता येतात, सुटी चवली लागत नाही. म्हणून बाकी ०. सहा चवल्यांच्या तीन पावल्या. तीन विषम, एक पावली सुटी राहिली, बाकी १. उरलेल्या दोन पावल्यांची एक अधेली, बाकी १. दरवेळी निम्मे करणं म्हणजे फक्त पुढच्या मोठ्या नाण्यात मोजायला लागणं. आणि सगळ्यात आधी हाती येतो तो सर्वांत छोट्या नाण्याचा अंक, म्हणून उत्तर उलटं वाचायचं.

प्रोग्रॅमच्या भाषेतले शब्द इंग्रजी असतात, पण मांडणी मराठीत करायला काहीच अडचण नाही:

संख्या = १३
उत्तर = रिकामं
जोवर संख्या ० पेक्षा मोठी आहे, तोवर हे करत राहा:
    बाकी = संख्येला २ ने भागल्यावर उरलेली बाकी
    उत्तर = बाकी आणि तिच्या उजवीकडे आधीचं उत्तर
    संख्या = २ ने भागून आलेला पूर्णांक भागाकार
उत्तर दाखवा

पायथॉन नावाच्या भाषेत या सात ओळी जवळजवळ शब्दशः लिहिता येतात.

शून्य आणि रिकामी जागा

हा प्रोग्रॅम लिहिणारा नवशिका दोन ठिकाणी हटकून अडखळतो, आणि दोन्ही ठिकाणं डॉक्टरांच्या चांगल्या ओळखीची आहेत.

पहिलं ठिकाण क्रमाचं. ‘बाकी आणि तिच्या उजवीकडे आधीचं उत्तर’ याऐवजी ‘आधीचं उत्तर आणि तिच्या उजवीकडे बाकी’ असं लिहिलं गेलं, तर उत्तर उलटं छापलं जातं. १३ चे ११०१ ऐवजी १०११ होतात, म्हणजे अकरा. पण मूल प्रोग्रॅम तपासतं कसं? ५ देऊन बघतं. ५ म्हणजे १०१. उलटं वाचलं तरी १०१! ७ देऊन बघतं, १११. ९ देऊन बघतं, १००१. तिन्ही वेळा बरोबर उत्तर, मूल खूश. चुकीचा प्रोग्रॅम तीन चाचण्यांतून सहीसलामत सुटला, कारण चाचण्याच अशा निवडल्या की चूक दिसूच नये. रक्तातली साखर मोजणारं यंत्र फक्त निरोगी माणसांवर तपासून ‘उत्तम चालतंय’ असा शिक्का मारण्यासारखं हे झालं. ज्या रुग्णाची साखर चाळीस आहे किंवा पाचशे आहे, खरी परीक्षा तिथे असते.

दुसरं ठिकाण शून्याचं. वरच्या प्रोग्रॅमला १३ ऐवजी ० द्या. ‘जोवर संख्या ० पेक्षा मोठी आहे’ ही अट पहिल्याच क्षणी खोटी ठरते, आतलं काहीच घडत नाही आणि उत्तर म्हणून पडद्यावर येते निव्वळ रिकामी जागा. ० चं उत्तर ० यायला हवं होतं. तांत्रिकदृष्ट्या ही क्षुल्लक चूक, एक ओळ वाढवली की संपली. पण वॉर्डात काम केलेल्या कोणालाही विचारा. रुग्णाच्या तक्त्यावर लघवीच्या रकान्यात ‘०’ लिहिलेलं असेल, तर डॉक्टर धावत येतो: कॅथेटर अडकलाय का, मूत्रपिंड बंद पडतंय का? तोच रकाना कोरा असेल तर अर्थ एवढाच, की कोणी अजून मोजलेलं नाही. ‘मोजलं, काही नव्हतं’ आणि ‘मोजलंच नाही’ यांतला फरक जो तक्ता दाखवत नाही, तो तक्ता रुग्णाच्या कामाचा नाही. माझ्या विभागात येणाऱ्या प्रत्येक नव्या निवासी डॉक्टरला पहिल्याच दिवशी हे सांगावं लागतं, आणि कधीकधी दुसऱ्या दिवशीही.

लघु-गुरूंचा प्रस्तार

वाटेत एक छोटं वळण घेतो, कारण शाळेत ‘यमाताराजभानसलगा’ पाठ केलेल्या मराठी वाचकाला ते आवडेल. निम्मे करत जाण्याची ही युक्ती आपल्याकडे फार जुनी आहे. पिंगलाच्या ‘छंदःशास्त्रा’त ती आहे. या ग्रंथाच्या काळाबद्दल अभ्यासकांत मतभेद असले, तरी तो दोन हजार वर्षांहून जुना असल्याचं सर्वसाधारणपणे मानलं जातं. तीन अक्षरांत लघु आणि गुरू यांच्या आठ मांडण्या होतात. पिंगलाने त्या विशिष्ट क्रमाने लावल्या, त्याला प्रस्तार म्हणतात. प्रश्न असा की सगळा प्रस्तार न मांडता पाचवी मांडणी कोणती ते सांगता येईल का? रीत दिली आहे: संख्या सम असेल तर लघु लिहा आणि निम्मी करा, विषम असेल तर गुरू लिहा, एक मिळवा आणि निम्मी करा. पाच विषम, गुरू. पाच अधिक एक सहा, निम्मे तीन. तीन विषम, गुरू. तीन अधिक एक चार, निम्मे दोन. दोन सम, लघु. उत्तर आलं: गुरू, गुरू, लघु. ‘ताराज’, म्हणजे त गण.

गुरूला ० आणि लघूला १ म्हटलं, तर आपला गृहपाठच समोर येतो. फरक इतकाच, की पिंगलाची मोजणी एकापासून सुरू होते, आपली शून्यापासून. यावरून ‘संगणक आपल्याच पूर्वजांनी शोधला’ असे संदेश मोबाइलवर फिरतात, त्यात काही अर्थ नाही. पिंगलाला छंद मोजायचे होते. ० आणि १ मध्ये संख्या लिहून त्यांची बेरीज-वजाबाकी करायची नव्हती. ते अंकगणित जर्मन गणिती लायब्निझने १७०३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात मांडलेलं दिसतं. पण निम्मे करा, सम-विषम पाहा आणि खूण लिहा, ही पायरी-पायरीची रीत पिंगलाची आहे आणि ती सुंदर आहे. एवढं म्हणणं पुरेसं आहे.

आठ खण भरले की

आता यंत्राकडे परत. कागदावर आपण हवे तितके अंक लिहू शकतो. यंत्राच्या स्मृतीत मात्र प्रत्येक संख्येसाठी ठरावीक खण राखून ठेवलेले असतात. एका खणात ० किंवा १. त्याला बिट म्हणतात. आठ खणांची एक पेटी म्हणजे बाइट. आठही खणांत १ भरला की संख्या होते २५५. शून्य धरून एकूण २५६ संख्या त्या पेटीत मावतात. व्हॉट्सॲपच्या गटात पूर्वी २५६ जणांची मर्यादा होती आणि नंतर ती १०२४ झाली, त्या विचित्र वाटणाऱ्या आकड्यांचं मूळ याच दुपटीत आहे.

मग २५५ मध्ये एक मिळवला तर? उत्तर येतं १ आणि पुढे आठ शून्यं. नऊ अंक झाले, खण आठच. डावीकडचा १ पेटीबाहेर सांडतो आणि आत उरतात आठ शून्यं. म्हणजे यंत्राच्या लेखी २५५ अधिक १ बरोबर ०. जुन्या स्कूटरच्या किलोमीटरच्या मीटरवर ९९९९९ नंतर ००००० यायचं, तसंच. फरक एवढाच, की स्कूटरवाल्याला आपली गाडी नवी झाली असं वाटत नसे.

थेरॅक-२५ हे कॅनडातल्या अणुऊर्जा कंपनीने बनवलेलं किरणोपचाराचं यंत्र होतं. एकाच यंत्रातून दोन प्रकारचे उपचार देता येत: इलेक्ट्रॉनचा झोत किंवा क्ष-किरण. त्यासाठी झोताच्या वाटेत एक फिरती तबकडी होती. तबकडीच्या एका जागेवर इलेक्ट्रॉनचा झोत पसरवणारी सामग्री, दुसऱ्या जागेवर क्ष-किरणांसाठीची सामग्री, आणि तिसऱ्या जागेवर नुसता आरसा. रुग्णाला नीट झोपवून, कुठे किरण पडणार ते साध्या दिव्याच्या उजेडात बघण्यासाठी तो आरसा. तबकडी आरशाच्या जागेवर असताना खरा झोत सुरू होणं म्हणजे मधे कोणतंही आवरण नाही, पसरवणारं काही नाही, झोत सरळ शरीरावर. आधीच्या यंत्रांत असं होऊ नये म्हणून तारा-स्विचांची स्वतंत्र अडवणूक होती. थेरॅक-२५ मध्ये ती काढून टाकून पहारा प्रोग्रॅमवर सोपवला होता. पैसे वाचतात, प्रोग्रॅम झिजत नाही, मग दोन-दोन बंदोबस्त कशाला, असा विचार.

पहाऱ्याची रचना अशी होती: स्मृतीतल्या एका बाइटमध्ये ० असेल तर ‘सगळं ठीक, तपासायची गरज नाही’. ० सोडून काहीही असेल तर ‘झोत सोडण्याआधी तबकडी जागेवर आहे का ते तपास’. उपचाराची तयारी चालू असताना प्रोग्रॅम तोच भाग पुन्हा पुन्हा चालवत राही, शेकडो वेळा, आणि प्रत्येक फेरीत त्या बाइटमध्ये एक मिळवी. लिहिणाऱ्याचा हेतू सरळ होता: एक मिळवला की संख्या शून्य राहणार नाही, म्हणजे तपासणी होणारच. २५५ फेऱ्यांपर्यंत हा तर्क बरोबर होता. २५६ व्या फेरीला पेटी सांडून आत पुन्हा शून्य येई, पुढच्या फेरीपर्यंतच्या एका क्षणापुरतं. त्या क्षणी नेमकी तंत्रज्ञाने कळ दाबली, तर तपासणी होतच नसे.

१७ जानेवारी १९८७ रोजी वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा इथे ती कळ त्या क्षणी दाबली गेली. तबकडी आरशाच्या जागेवर होती. रुग्णाला त्या दिवशी मिळायचे होते एकूण ८६ रॅड. नंतर केलेल्या अंदाजानुसार त्याला मिळाले आठ ते दहा हजार. छातीत भाजल्यासारखं होतंय, असं तो म्हणाला. काही दिवसांत कातडीवर भाजल्याच्या खुणा उमटल्या. एप्रिलमध्ये तो गेला.

थेरॅक-२५ च्या नावावर जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात असे सहा अपघात नोंदले गेले. सगळ्यांचं कारण हेच नव्हतं. टेक्सासमधल्या दोन अपघातांत वेगळी चूक होती: तंत्रज्ञाने पडद्यावरची नोंद भराभर दुरुस्त केली की प्रोग्रॅमचा एक भाग जुन्याच नोंदीवर चालत राही. ती चूक आधीच्या थेरॅक-२० या यंत्रातही सापडली. पण तिथे त्यामुळे कोणाला इजा झाली नाही; फक्त फ्यूज उडत असे. तारा-स्विचांचा जो बंदोबस्त नव्या यंत्रात फालतू ठरवला गेला, त्यानेच जुन्या यंत्राखालच्या रुग्णांना वाचवलं होतं. याकिमाची चूक कशी दुरुस्त झाली? फेरीगणिक एक मिळवण्याऐवजी दरवेळी त्या बाइटमध्ये शून्य नसलेली एक ठरावीक संख्या लिहायची. बदल एका ओळीचा.

पेटी भरली की शून्यावरच यावं असा काही नियम नाही; दुसरीही सोय करता येते. सीटी स्कॅनच्या चित्रातला प्रत्येक ठिपका म्हणजे एक संख्या. पाणी शून्य, हवा उणे हजार, हाड काही शेकड्यांपासून हजारापर्यंत आणि त्याही पुढे. बऱ्याच यंत्रांत या संख्येला बारा खण असतात, म्हणजे ४०९६ पायऱ्या: उणे १०२४ पासून ३०७१ पर्यंत. दाताची सोन्याची टोपी किंवा मांडीतला स्टीलचा रॉड या मर्यादेपेक्षा कितीतरी वर जातात. तिथे यंत्र सांडत नाही, काठाशी थांबतं. सोनं ३०७१, स्टीलही ३०७१. धातू कोणता ते त्या आकड्यावरून सांगता येत नाही, पण निदान सोन्याच्या जागी हवा दिसत नाही. मला विचाराल तर ज्या आकड्यावर रुग्णाचा जीव अवलंबून आहे, तिथे यंत्राने काठाशी थांबावं आणि थांबल्याचं ओरडून सांगावं.

रुपयाचा दहावा भाग

पूर्ण संख्यांचं हे झालं. अपूर्णांकांचा घोळ निराळा आहे आणि जास्त छुपा आहे.

आण्याच्या खालीही निम्मेपणा चालूच होता: अर्धा आणा म्हणजे ढब्बू पैसा, पाव आणा म्हणजे पैसा. साडेतेरा आणे द्यायचे तर ११०१ आणि वर एक ढब्बू. पण रुपयाचा बरोबर दहावा भाग द्या बघू. रुपयाचे पैसे चौसष्ट, दहावा भाग ६.४ पैसे. एक आणा आणि एक ढब्बू दिला की सहा पैसे झाले, उरले ०.४ पैसे. पैशाचे निम्मे, त्याचे निम्मे, त्याचेही निम्मे असं कितीही छोटं नाणं पाडलं, तरी दरवेळी थोडं उरतंच. दहाच्या पोटात पाच आहे, आणि नुसतं निम्मे-निम्मे करून पाचावा भाग कधीच हाती लागत नाही. दशमान पद्धतीत एक तृतीयांश लिहिताना ०.३३३… असं न संपणारं शेपूट येतं, तसंच द्विमान पद्धतीत ०.१ लिहिताना येतं: ०.०००११००११००११… ‘००११’ ची आवर्तनं संपतच नाहीत.

याच दुखण्याची उलटी बाजू १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली तेव्हा देशाने अनुभवली. एक आणा म्हणजे ६.२५ नवे पैसे. पाव नवा पैसा कुणाकडे नव्हता. आण्याला सहा नवे पैसे धरले, तर सोळा आण्यांचे शहाण्णवच होतात. चार नवे पैसे गेले कुठे, यावर दुकानादुकानांत घासाघीस व्हायला किती वेळ लागला असेल?

यंत्राच्या पेटीत न संपणारं शेपूट मावत नाही, ते कुठेतरी छाटावं लागतं. म्हणून पायथॉनमध्ये ०.१ अधिक ०.२ करून बघितलं, तर उत्तर ०.३ येत नाही, ०.३००००००००००००००४ येतं. एवढ्याशा फरकाने काय होतं? एकदा काही होत नाही. सतत होत राहिला तर होतं. आखाती युद्धात, २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातल्या धहरान इथे अमेरिकेची पॅट्रियट क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा सुमारे शंभर तास अखंड चालू होती. तिचं घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागांत वेळ मोजे आणि त्याला ०.१ ने गुणून सेकंद काढी, तो ०.१ चोवीस खणांत छाटलेला. शंभर तासांत घड्याळ सुमारे एक तृतीयांश सेकंदाने चुकलं. येणारं स्कड क्षेपणास्त्र तेवढ्या वेळात अर्ध्या किलोमीटरहून जास्त अंतर कापतं. यंत्रणेने चुकीच्या जागी पाहिलं, तिला काही दिसलं नाही, आणि अठ्ठावीस सैनिक मारले गेले.

आता एखाद्या नवशिक्याने आपल्या सिरिंज पंपासाठी प्रोग्रॅम लिहिला अशी कल्पना करा. दरवेळी ०.१ मिलिलिटर औषध सोड, बेरीज करत जा, आणि बेरीज बरोबर १ झाली की थांब. कागदावर दहा वेळा सोडून तो थांबायला हवा. प्रत्यक्षात दहाव्या वेळी बेरीज येते ०.९९९९९९९९९९९९९९९९. ती १ नाही. म्हणून तो अकराव्यांदा औषध सोडतो. आता बेरीज १.१ च्या आसपास. तीही १ नाही. बाराव्यांदा. सिरिंज रिकामी होईपर्यंत तो थांबत नाही. उपाय जुन्या हिशेबनिसांना माहीत असलेलाच आहे: अपूर्णांकात मोजूच नका. दहा पायऱ्या आहेत, पायऱ्या मोजा. १, २, ३ या पूर्ण संख्या दोन्ही पद्धतींत बिनचूक उतरतात. आणि अट ‘बरोबर दहा झाले की’ अशी न ठेवता ‘दहा किंवा त्याहून जास्त झाले की थांब’ अशी ठेवा.

हाच शहाणपणा औषधाच्या चिठ्ठीतही आहे, पण तो संगणकामुळे आलेला नाही, माणसाच्या डोळ्यामुळे आलेला आहे. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी डबी पाहावी. तिच्यावर ०.०५ मिलिग्रॅम असं नसून ५० मायक्रोग्रॅम असं असतं. एकक लहान घेतलं की दशांशचिन्हच नाहीसं होतं आणि ते पुसट छापलं जाण्याची, नजरेतून सुटण्याची भीती संपते. चिन्ह लिहावंच लागलं तर दोन नियम: आधी शून्य लिहायचं, म्हणजे ‘.५’ नाही, ‘०.५’; आणि पूर्ण संख्येनंतर शून्य लिहायचं नाही, म्हणजे ‘५.०’ नाही, नुसतं ‘५’. पहिल्यात टिंब हरवलं तर अर्ध्याचे पाच होतात, दुसऱ्यात पाचाचे पन्नास. चिठ्ठीवर ‘५.०’ असं काही दिसलं आणि शंका आली, तर औषध घेण्याआधी डॉक्टरांना किंवा औषध दुकानातल्या फार्मासिस्टना नि:संकोच विचारा. विचारल्याचा राग येणारा डॉक्टर असेल तर त्याला येऊ द्या.

घरात कुणाला हा द्विमानाचा गृहपाठ मिळाला असेल, तर त्याच्या प्रोग्रॅमला पाच आणि सात देऊन सोडून देऊ नका. आधी ६ द्या; अंक उलटे छापले जात असतील तर ११० ऐवजी ०११ येऊन लगेच कळेल. मग ० द्या आणि पडदा कोरा राहतो का ते पाहा. मग २५६. मग उणे १३. मग साडेतेरा, उत्तर ११०१.१ यायला हवं, पण वर दिलेल्या सात ओळी काहीतरी भलतंच छापतील. मग आकड्याच्या जागी अक्षरांत ‘तेरा’ असं लिहून बघा.